मुलाखतीतलं अस्वल

अस्वलाने मला धरलं नव्हतं. त्या पंधरवड्यात हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की शेवटी मलाच ते खोटं वाटायला लागलं. आमच्याकडे मोहाच्या दिवसांत कुणाचा हात गळ्यात बांधलेला आणि तोंडावर ओरखडे दिसले, की लोक ‘काय झालं’ असं विचारत नाहीत. ‘कुठी झालं’ असं विचारतात. अस्वल गृहीतच असतं. लोकांचंही चुकत नाही म्हणा. मोहाची फुलं पहाटे गळतात, बायामाणसं ती वेचायला उजाडायच्या आत रानात जातात, अस्वलालाही तीच फुलं प्रिय, आणि अस्वल धरतं ते नेमकं तोंडाला. दर हंगामात आसपासचं एखादं गाव हे भोगतंच. पण म्हणून जगात दुसऱ्या कोणत्याच कारणाने माणसाचा हात मोडू नये का?

माझा हात बाबांमुळे मोडला. सकाळी मी त्यांना आमच्या मोहाच्या झाडांपासून स्कूटीवर घेऊन येत होते. फुलांचं पोतं पुढे माझ्या पायाशी, बाबा मागे, त्यांच्या मांडीवर रिकामी टोपली. उन्हं चांगली वर आली होती. वळणावर बाबा माझ्या कानात ओरडले, “अस्वल! अस्वल! थांब!” मी करकचून ब्रेक दाबला. पोतं आधी पडलं, बाबा पोत्यावर पडले आणि मी चिलाटीत पडले. चिलाटी म्हणजे आकड्यासारख्या काट्यांचं झुडूप. एकदा माणूस आत गेला की ते त्याला सोडत नाही. मी तोंड घालून आत आणि उजवा हात स्कूटीखाली. तशा अवस्थेत मान वळवून पाहिलं, तर समोर अस्वल नव्हतं. एक बुडखा होता. फुलं दिसावीत म्हणून लोक मोहाखालचा पाला जाळतात, त्या आगीत एखादा जुना बुडखाही पेटतो आणि काळाठिक्कर होऊन बसतो. तसला तो होता. कमरेएवढा उंच आणि जागचा न हलणारा.

“पाह्य, पाह्य, थे गेलं!” बाबा पोत्यावर बसल्या बसल्या रानाकडे बोट दाखवत म्हणाले.

“बाबा, बुडखा आहे तो.”

“तू चिलाटीत होती. तुले काय दिसन?”

चंद्रपूरच्या दवाखान्यात प्लास्टर घालून आम्ही घरी पोचलो, तोवर गावात अस्वल पोचलं होतं. बाबांना गोष्ट सांगायला मुळातच आवडतं. त्यात गोष्टीत अस्वल. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पहिल्या दिवशी अस्वल रस्त्यावर उभं होतं. दुसऱ्या दिवशी ते स्कूटीच्या मागे पळालं. आठवडाभरात त्याने मला पंजा मारला आणि बाबांनी टोपली फेकून ते पळवून लावलं. ऐकणारा माणूस माझ्याकडे पाहायचा, ओरखडे पाहायचा आणि हळहळायचा. मी म्हणायचे, अहो काटे लागलेत, स्कूटीवरून पडले. त्याचं तोंड असं उतरायचं, की जणू मी त्याच्या ताटातला लाडू उचलला. एक म्हातारी तर मलाच समजावून गेली, “लाजाचं काय त्याच्यात, पोरी? अस्वलच होतं, काही माणूस नव्हता.”

मी चिडून चुलतभावाला त्या वळणावर पाठवलं आणि बुडख्याचा फोटो मागवला. मोबाइल बाबांच्या समोर धरला. त्यांनी तो हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला आणि परत दिला. “अस्वल निघून गेल्यावर बुडखाच दिसन ना,” ते म्हणाले. मी माझ्या कपाळावर हात मारायला गेले आणि प्लास्टर लागलं.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मला त्याच आठवड्यात मुलाखतीचा फोन आला, आणि ती मुलाखत म्हणजे माझा शेवटचा दोर होता.

मी ज्या खाजगी शाळेत शिकवत होते, ती शाळा आदल्या वर्षी बंद पडली. आई जाऊन दोन उन्हाळे झाले होते. घरात बाबा आणि मी. दादा पुण्यात, एका कंपनीत. त्याने माझ्यासाठी तिथल्याच एका ऑफिसात जागा बघून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर एकच विषय काढायचा: तू ये, बाबांनाही घेऊन ये, त्यांचे डोळे तपासायचे आहेत. बाबा फोन माझ्याकडे परत द्यायचे. “त्याले सांग, मले डोंगरावरचं बकरं दिसते,” म्हणायचे. पुण्याला यायला त्यांची साफ ना होती. तिथी बसाचं कुठी, बोलाचं कोनाशी, झाडं कोनाची? मला त्यांना टाकून जाणं शक्य नव्हतं आणि रिकामं बसणंही शक्य नव्हतं. वाघ बघायला येणाऱ्यांसाठी मोहर्लीजवळ रिसॉर्ट आहे, तिथे पाहुण्यांच्या स्वागताला माणूस हवं होतं. घरापासून जवळ, संध्याकाळी घरी परत. ही नोकरी लागली तर मी राहणार, बाबा राहणार, झाडं राहणार. नाही लागली तर पुणे. दादाला मी तसा शब्दच देऊन बसले होते.

तयारी मी जोरात केली. पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ केली, बुकिंग कसं घेतात ते मैत्रिणीला फोन करून विचारलं, आरशासमोर हसण्याची सवय केली. हसलं की गालावरची खपली ताणायची. प्लास्टरच्या आत इतकी खाज सुटायची की मी टोपलीची एक काडी काढून आत घालून बसायचे. वर चैत्राचं ऊन. मुलाखतीच्या दिवशी कुडत्याची बाही प्लास्टरवरून जाईना, म्हणून ती कात्रीने उसवली. वेणी एका हाताने येईना. बाबा म्हणाले, मी घालून देतो, तुयी माय आजारी होती तवा तिची मीच घालत होतो. घातली. मी आरशात पाहिलं तर भांग डाव्या कानाकडे निघालेला. शेजारच्या काकूंकडे गेले, त्यांनी “बाप्पा! हे काय केलं?” म्हणत सगळं सोडून पुन्हा घातलं. मी बाबांवर खेकसले, नीट बघून तरी पाडायचा. ते चपला शोधत बसले.

एकटी जाते म्हटलं, तर ऐकतील ते बाबा कसले? “एका हातानं कशी जाशीन? गाडीत चढता येते काय तुले?” काळीपिवळी जीपमध्ये चढायला खरोखरच दोन हात लागतात, त्यामुळे मी गप्प बसले. गप्प बसले तिथेच चुकलं. जीप हलली न हलली तोच ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“कुठी झालं, भाऊ?” त्याने बाबांना विचारलं. मला नाही, बाबांना.

आणि बाबा सुरू झाले. मी मध्येच “काटे लागले, काटे” असं दोनदा म्हटलं, पण जीपचा आवाज, त्यात कोंबडीवाल्याच्या टोपलीतल्या कोंबड्या, आणि मुख्य म्हणजे कुणालाच काटे नको होते. एका माणसाने उठून मला खिडकीची जागा दिली. एका बाईने पिशवीतून काकडी काढून दिली. भीक नको पण कुत्रं आवर, असं वाटत होतं. पण खरं सांगते, काकडी मी खाल्ली. ऊन फार होतं.

रिसॉर्टच्या फाटकापाशी मी बाबांना हात जोडून, म्हणजे एकाच हाताने जोडून, विनवलं. “बाबा, इथं कुणाशी काही बोलू नका. मुलाखत आहे. नोकरीचा प्रश्न आहे.”

“मी काय येडा हावो?” बाबा म्हणाले आणि वॉचमनच्या बाकावर जाऊन बसले.

आत एका थंडगार खोलीत मला बसवलं. माझ्या आधी चंद्रपूरची एक मुलगी आत होती. तिचं इंग्रजी दाराबाहेरही ऐकू येत होतं, फाडफाड. माझे तळहात ओले झाले, म्हणजे एक तळहात. दुसऱ्याचं आत काय चाललं होतं ते देवाला ठाऊक. मी मनात उजळणी करत होते: नमस्कार, बसू का, मला शिकवण्याचा अनुभव आहे, हाताचं प्लास्टर लवकरच निघेल, लिहायचं काम डाव्या हाताने थोडं जमतं. प्लास्टरबद्दल ते विचारणार, हे धरूनच मी चालले होते. लंगडा घोडा कोण विकत घेतो, याचीच धास्ती होती.

दार उघडलं आणि मालक स्वतः उठून उभे राहिले. नागपूरचे, चाळिशीचे, अंगात खूप खिशांचा हिरवट शर्ट. बाजूला एक मॅडम टॅब घेऊन बसलेल्या.

“या, या! बसा,” मालक म्हणाले. “अरे, यांना लिंबू सरबत आणा. आधी सांगा, आता कसं वाटते? भीती गेली का?”

“कसली भीती, सर?”

“अस्वलाची हो! वॉचमनने सांगितलं. तुमचे वडील काय सांगतात! टोपली फेकून पळवलं म्हणे.”

मी डोळे मिटले. दाराच्या आत यायला मला जेवढा वेळ लागला, त्याच्या आत अस्वल माझ्या आधी मुलाखतीला येऊन बसलं होतं.

“सर, अस्वल नव्हतं. मी स्कूटीवरून पडले. तोंडावर काट्यांचे ओरखडे आहेत.”

मालकांचा चेहरा उतरला. मला तो उतरणं आता पाठ झालं होतं. मॅडमनी टॅबवर काहीतरी पुसलं. मग मालक थोडे पुढे झुकले. “पण वडील तर म्हणतात.”

“त्यांना बुडखा अस्वलासारखा दिसला.”

“म्हणजे दिसलं तर ना!” ते म्हणाले आणि एकदम खूश झाले.

मी शिकवण्याचा अनुभव काढला. पक्ष्यांची नावं काढली. कॉम्प्युटर येतो म्हटलं. मालक मान हलवत होते, पण लहान मुलाला गणपतीच्या आरतीत जसा प्रसाद दिसत असतो तसे ते माझ्या गालाकडे बघत होते. शेवटी त्यांनी मला थांबवलं.

“असं आहे बघा. पाहुणे वाघासाठी येतात. दिसला तर ठीक. नाही दिसला तर चिडतात, आमच्यावर राग काढतात. आता वाघ काय माझ्या पगारावर आहे? म्हणून संध्याकाळी हिरवळीवर कंदील लावून पाहुण्यांना बसवायचं, आणि इथल्या माणसाने इथली काहीतरी गोष्ट सांगायची, असं आमचं चाललंय. वेटरला सांगायला लावून पाहिलं, तो नुसता हसतो. तुम्ही शिक्षिका. तुम्हाला बोलता येते. दिवसा काउंटर सांभाळा, संध्याकाळी पंधरा मिनिटं अस्वल. मग आमची गाडी घरी सोडेल.”

“पण सर, ते खरं नाही.”

“पाहुणे काय पंचनामा करतात का? आणि तुमचे ओरखडे बरोबर आहेत. म्हणजे बघा, जास्त पण नाहीत, कमी पण नाहीत. बघवतात.”

“पुसले जायच्या आत फोटो काढून ठेवू,” मॅडम पहिल्यांदाच बोलल्या.

संताप झाला. बी.ए. झालेली, मुलांना पाढ्यांपासून व्याकरणापर्यंत सगळं शिकवलेली बाई मी, आणि माझ्यातली यांना आवडली कोणती गोष्ट, तर चिलाटी! पण संतापाच्या खाली दुसरं काहीतरी हलत होतं. नोकरी समोर होती. पगार, घर, संध्याकाळी परत, बाबा, त्यांची झाडं, सगळं. फक्त पंधरा मिनिटं. बाबा फुकट सांगतात, मी पगार घेऊन सांगेन. कुणाचं काय जातं? माझं मन असं भराभर हिशेब जमवत गेलं की मलाच माझी चीड आली.

“वडिलांशी बोलून येते,” मी म्हटलं.

“जरूर. सरबत घेऊन जा त्यांनाही.”

बाबा बाकावर नव्हते. “पानी प्याले गेले, मांगच्या साइडले,” वॉचमन म्हणाला आणि माझ्याकडे आदराने बघितलं. मी स्वयंपाकघराला वळसा घालून मागे गेले. मनात वाक्यं तयार होती. बाबा, तुमच्या अस्वलाला नोकरी लागली आहे, मला नाही. आता तुम्हीच सांगा करू काय.

मागे नळाखाली भांड्यांचा ढीग होता आणि एक बाई पाठमोरी बसून ती घासत होती. बाबा तिच्यापासून थोडे लांब, भिंतीच्या सावलीत उकिडवे. माझ्या चपलांचा आवाज आला तसा त्या बाईने झटकन पदर तोंडावर ओढला. मग वळून पाहिलं, माझं प्लास्टर पाहिलं, ओरखडे पाहिले, आणि पदर सोडून दिला.

तिचा एक डोळा नव्हता. त्या जागी ओढून शिवलेली कातडी होती. गाल ओठापर्यंत फाटून पुन्हा जोडलेला, त्यामुळे तोंड एका बाजूला वर ओढलं गेलेलं. पदर तिने मला पाहून सोडला होता. मी तिच्यातलीच आहे, असं तिला वाटलं होतं.

“तुले कुठी भेटलं, पोरी?” तिने विचारलं. तिच्या आवाजात कुतूहल नव्हतं, काळजी होती. “पिल्लू होतं काय त्याच्यासंग? मायं पिल्लावालं होतं. पिल्लावालं सोडत नाई.”

पंधरा दिवस जे वाक्य मी तोंडावर फेकून मारत होते, ते त्या क्षणी मला म्हणता येईना. अस्वलाने मला धरलं नाही, हे तिला कसं सांगायचं? मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता हे सुरू होतील. टोपली, पंजा, धावणं. हे इथंही सांगतील आणि मी जमिनीत जाईन.

बाबांनी हातातला पेला खाली ठेवला.

“नाई बाई,” ते म्हणाले. “अस्वल नव्हतं थे. बुडखा होता, जळका. मायी नजर गेली हाये. मलेच अस्वल वाटलं.”

“नव्हतं?”

“नव्हतं.”

“बरं झालं माय!” ती बाई म्हणाली. “लय बरं झालं.” ती उठली, ओला हात लुगड्याला पुसला, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं आणि एका डोळ्याने माझा गाल नीट तपासला. “हे जाईन सारं. खुना बी नाई राह्यच्या.”

गावात, दवाखान्यात, जीपमध्ये, त्या थंड खोलीत, कुणालाही अस्वल नव्हतं ऐकून आनंद झाला नव्हता. सगळ्यांची तोंडं उतरली होती. एक ही बाई तेवढी खूश झाली.

“तुम्ही समोर नाही का येत?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं आणि लगेच जीभ चावली.

“नाई बाप्पा. जेवनारे लोक असतात तिथी.” ती पुन्हा भांड्यांपाशी बसली. “इथी बरं हाये मले.”

मी बाबांकडे बघत उभी राहिले. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पंधरा दिवस उशिरा पडला याचा मला स्वतःवरच राग आला. बुडखा म्हटलं की नजर गेली, हे कबूल करायचं. नजर गेली की दादा पुण्याला नेणार. म्हणून बाबांनी ते अस्वल असं घट्ट धरून ठेवलं होतं. मी त्यांना गप्पिष्ट, हेकट, थापाड्या, काय काय म्हणत होते, आणि तो माणूस त्या अस्वलाच्या आडून आपलं घर राखत होता. ते त्याने या अनोळखी बाईसमोर सोडून दिलं. तिच्यासमोर खोटं सांगणं त्याच्याने झालं नाही.

मी परत आत गेले. माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला होता, हे माझं मलाच ऐकू येत होतं.

“सर, काउंटरचं काम मी करीन. मन लावून करीन. अस्वलाची गोष्ट सांगणार नाही.”

“का बरं?”

“तुमच्या स्वयंपाकघराच्या मागे एक बाई भांडी घासते. ती ऐकेल.”

“हे बघा, तिचं वेगळं आहे,” मालक म्हणाले. “तिला कुणी काम देत नव्हतं. आम्ही दिलं. विचारा तिला. पण समोर कसं बसवणार? पाहुणे लहान मुलं घेऊन येतात. आणि गोष्ट सांगितली तर ती काय म्हणणार आहे? ती काही म्हणत नाही.”

ते खोटं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. काम त्यांनीच दिलं होतं. भांडायला त्यांनी मला धड जागाही ठेवली नव्हती.

“म्हणत नाही म्हणूनच, सर,” मी म्हटलं. “तिचं झालंय ते बघवत नाही आणि माझं झालं नाही ते बघवतं, म्हणून मी कंदिलाखाली बसू? मला नाही जमणार.”

“विचार करा,” ते म्हणाले. मग मॅडमकडे बघून, “आम्ही कळवतो.”

कळवतो म्हणजे काय, हे आपल्याकडे नोकरी शोधणाऱ्या प्रत्येकाला कळतं. सरबताचा पेला टेबलावर तसाच राहिला.

रस्त्यावर आम्ही परतीच्या जीपची वाट बघत झाडाखाली उभे राहिलो. सफारीच्या उघड्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. टोप्या घातलेले लोक आमच्याकडे बघत होते. मी इतकी तापलेली होते की कुणावर तापले तेही धड कळत नव्हतं. मालकावर, मॅडमवर, चिलाटीवर, त्या जीपमधल्या काकडीवर. स्वतःवर तर होतेच. तत्त्वाची गोष्ट सांगून आले होते आणि आता घर कशाने चालणार होतं?

“नाई म्हनून आली?” बाबांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. निदान मी तरी बघत होते.

“बाबा, किती दिसतं तुम्हाला? खरं सांगा.”

“दिसते ना.”

“मी दिसते?”

“दिसते. ओढनी दिसते. हात पांढरा दिसते.”

“तोंड?”

बाबांनी गमछ्याने मान पुसली. “तोंड नाई दिसत आता,” ते म्हणाले. “दिवाळीपासून नाई दिसत. मधात कोरं दिसते. बाजूचं दिसते.”

पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या आतला पडदा झिजला आहे, गेलं ते परत येणार नाही. पण ते पुढचं. त्या रस्त्यावर उभी असताना मला एवढंच कळत होतं की या माणसाने सगळ्या जिल्ह्याला माझ्या तोंडावरचे ओरखडे स्वतःच्या गालावर बोटं ओढून ओढून दाखवले होते, आणि माझं तोंड त्याने एकदाही पाहिलेलं नव्हतं. लोक सांगत होते म्हणून त्याला ओरखडे माहीत होते.

बाबांनी हात पुढे केला. अंदाजाने तो माझ्या खांद्यावर आला, तिथून मानेवर, मग गालावर. फुलं वेचून वेचून खरखरीत झालेली त्यांची बोटं भुवईपासून खाली आली, नाकाच्या बाजूने गेली, खपल्यांवर थांबली, पुन्हा निघाली, हनुवटीपर्यंत. मी हलले नाही. दुखत होतं, तरी हलले नाही.

“एवढं लागलं होतं तुले?” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. पंधरा दिवस मी ज्या माणसावर चिडत होते त्याच्यासमोर भर रस्त्यात रडले, आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

जीप यायच्या आधी दादाचा फोन आला. मुलाखत कशी झाली, त्याने विचारलं. नाही जमलं, मी म्हटलं. मग तो नेहमीचं बोलायला लागला, ऑफिसातली जागा अजून आहे, मोठ्या दवाखान्यात ओळख आहे, बाबांना काहीतरी समजाव. बाबा माझ्या शेजारीच उभे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं.

“तिकिटं काढ,” मी म्हटलं. “दोघंही येतो.”

मी बाबांकडे पाहिलं. ते नाही म्हणतील, म्हणून मी फोन कानाला लावून थांबले. ते नाही म्हणाले नाहीत.